ट्रक कॅम्परच्या बॅटरीचे जनरेटरद्वारे चार्जिंग

ट्रक कॅम्परच्या बॅटरीचे जनरेटरद्वारे चार्जिंग म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसवलेल्या फिरत्या निवासातील बॅटरी, छतावरील सौर पॅनेलपासून पुरेशी वीज मिळत नसताना, इंधनावर चालणाऱ्या लहान जनरेटरच्या साहाय्याने भरून घेण्याची पद्धत होय. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात, वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी मुक्काम करणारे प्रवासी वापरतात. हिवाळा, सलग ढगाळ हवामान आणि दाट झाडीतील मुक्काम या तीन परिस्थितींत तिची गरज विशेषत्वाने भासते.

बॅटरी किती वेगाने भरेल हे जनरेटरच्या आकारापेक्षा त्याला जोडलेल्या चार्जरच्या क्षमतेवर आणि बॅटरी किती विद्युतप्रवाह स्वीकारू शकते यावर अवलंबून असते. शिसे-आम्ल बॅटरी सुरुवातीला वेगाने व शेवटी अतिशय संथपणे भरते. त्यामुळे जनरेटर सकाळी थोडा वेळ चालवून मोठी तूट भरून काढणे आणि उरलेले संथ काम दिवसभराच्या सौरऊर्जेवर सोपवणे ही इंधन व वेळ वाचवणारी रीत आहे. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असल्याने जनरेटर कोठे ठेवायचा हा निर्णय चार्जिंगच्या वेगापेक्षा अधिक महत्त्वाचा असतो.

पार्श्वभूमी

ट्रक कॅम्पर हे पिकअप ट्रकच्या हौद्यात उतरवून पक्के बांधले जाणारे राहण्याचे दालन असते. त्याचा पुढचा भाग बहुधा चालकाच्या कक्षावर झुकलेला असतो व तेथे झोपण्याची जागा असते. ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरपेक्षा आणि मोटरहोमपेक्षा त्याचा आकार लहान असल्यामुळे अरुंद व कच्च्या रस्त्यांवरून तो दूरवर नेता येतो. अमेरिकेच्या भूव्यवस्थापन विभागाच्या अखत्यारीतील बहुतेक मोकळ्या सार्वजनिक जमिनींवर एका ठिकाणी साधारणतः १४ दिवसांपर्यंत मुक्काम करण्याची मुभा असते. अशा ठिकाणी वीज, पाणी किंवा सांडपाण्याची जोडणी नसते.

कॅम्परमध्ये ट्रकचे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीव्यतिरिक्त निवासाच्या गरजांसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी असते. दिवे, पाण्याचा पंप, छतावरील पंखा, गॅसगळती सूचक आणि शीतकपाटाचे नियंत्रण या बॅटरीवर चालते. कॅम्परमधील हवा तापवणारी भट्टी प्रोपेन वायू जाळत असली, तरी उष्ण हवा खेळवणारा तिचा पंखा १२ व्होल्टवरच चालतो. हा पंखा ४ अँपिअर प्रवाह घेतो व थंडीच्या रात्री एकूण ८ तास चालतो असे धरल्यास केवळ त्यासाठी ३२ अँपिअर-तास खर्ची पडतात. विजेची ही मागणी रात्रीची असते, तर सौर पॅनेलचे उत्पादन दिवसाचे असते. हिवाळ्यात मागणी वाढत असतानाच उत्पादन घटते.

सौरऊर्जा अपुरी पडण्याची कारणे

कॅम्परच्या छतावर हवाझरोके, वातानुकूलन यंत्र, आकाशखिडकी व अँटेना यांनी बरीच जागा व्यापलेली असते. उरलेल्या जागेत पॅनेल बहुधा सपाट बसवावे लागतात. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना सपाट पॅनेल चांगले काम करतात. हिवाळ्यात मात्र सूर्यकिरण तिरपे पडतात.

उत्तर गोलार्धातील सर्वात लहान दिवशी, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास, ४० अंश उत्तर अक्षांशावर (कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहर या अक्षांशाच्या जवळ आहे) भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे २६.५ अंशांपर्यंतच वर येतो. अशा वेळी सपाट पॅनेलवर थेट पडणारे ऊन, सूर्याकडे काटकोनात वळवलेल्या पॅनेलच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्के असते. ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट येथे, जेथे हिवाळ्यात असंख्य प्रवासी मुक्कामाला येतात, हे प्रमाण सुमारे ५४ टक्के असते. तर कॅनडाच्या सीमेलगत ४८ अंश अक्षांशावर ते सुमारे ३२ टक्क्यांपर्यंत खाली येते. दिवसाची लांबीही घटते. ४० अंश अक्षांशावर जूनमधील सर्वात मोठा दिवस सुमारे १५ तासांचा असतो, तर डिसेंबरमधील सर्वात लहान दिवस सव्वानऊ ते साडेनऊ तासांचा असतो. दोन्ही परिणाम एकत्र आल्यावर, आकाश निरभ्र असूनही सपाट पॅनेलचे हिवाळी उत्पादन उन्हाळ्याच्या जवळपास एक-तृतीयांश उरते.

सावलीचा परिणाम तिच्या आकारापेक्षा मोठा असतो. पॅनेलमधील सौरघट एकसरीने जोडलेले असतात. त्यामुळे एखाद्या फांदीची किंवा हवाझरोक्याची सावली थोड्याच घटांवर पडली, तरी त्या सरीचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटते. छतावर साचलेला बर्फ तर उत्पादन जवळजवळ थांबवतो.

बॅटरी भरण्याचे टप्पे

आधुनिक चार्जर शिसे-आम्ल बॅटरी साधारणपणे तीन टप्प्यांत भरतो. पहिल्या टप्प्यास बल्क म्हणतात. यात चार्जर आपल्या क्षमतेइतका पूर्ण प्रवाह देतो व बॅटरीचा विद्युतदाब हळूहळू वर चढतो. बॅटरी सुमारे ८० टक्के भरेपर्यंत बहुतांश काम या टप्प्यात होते. दुसऱ्या, ॲब्सॉर्प्शन नावाच्या टप्प्यात विद्युतदाब साधारण १४.४ ते १४.८ व्होल्टवर स्थिर ठेवला जातो आणि बॅटरी स्वीकारत असलेला प्रवाह आपोआप कमी कमी होत जातो. तिसऱ्या, फ्लोट टप्प्यात विद्युतदाब १३.२ ते १३.६ व्होल्टपर्यंत उतरवून भरलेली बॅटरी त्याच स्थितीत राखली जाते. नेमके आकडे बॅटरीच्या उत्पादकाने दिलेल्या माहितीनुसार ठरवले जातात. थंडीत शिसे-आम्ल बॅटरीला थोडा अधिक विद्युतदाब लागतो. म्हणून चांगल्या चार्जरला बॅटरीजवळ बसवण्याचा तापमान संवेदक असतो.

ॲब्सॉर्प्शन टप्प्यात प्रवाह कमी होण्याचे कारण बॅटरीच्या आत असते. वापर झालेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्टिकांवर शिशाचे सल्फेट तयार झालेले असते. चार्जिंगमध्ये त्याचे पुन्हा सक्रिय पदार्थात रूपांतर होते. पृष्ठभागावरील सल्फेट लवकर संपते. पट्टिकेच्या आतील भागापर्यंत अभिक्रिया पोहोचण्यास वेळ लागतो. जनरेटर कितीही मोठा असला तरी हा वेळ फारसा कमी करता येत नाही. मात्र हा टप्पा वारंवार टाळल्यास उरलेले सल्फेट कठीण स्फटिकांच्या रूपात घट्ट होते, बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि तिचे आयुष्य कमी होते.

जनरेटर ते बॅटरी: साखळीतील मर्यादा

जनरेटरमधून निघालेली १२० व्होल्टची वीज केबलद्वारे कॅम्परच्या बाह्य जोडणीत जाते. तेथून ती कन्व्हर्टर नावाच्या अंगभूत चार्जरकडे आणि पुढे बॅटरीकडे पोहोचते. या साखळीतील सर्वात दुर्बळ दुवा एकूण वेग ठरवतो.

जुन्या कॅम्परमधील अनेक कन्व्हर्टर सुमारे १३.६ व्होल्टचा एकच स्थिर विद्युतदाब देतात. वीजजोडणीवर महिनोन्महिने उभ्या असलेल्या कॅम्परसाठी ते पुरेसे असतात. जनरेटरवर मात्र ते बॅटरी फार सावकाश भरतात, कारण विद्युतदाबातील फरक कमी असल्याने बॅटरीत जाणारा प्रवाह लवकरच घसरतो. जनरेटर बदलण्याऐवजी असा कन्व्हर्टर बदलून बहुटप्पी चार्जर बसवणे बहुतेक वेळा अधिक उपयुक्त ठरते.

लहान जनरेटरवर बऱ्याचदा १२ व्होल्टची थेट जोडणीही दिलेली असते. तिच्यातून साधारण ८ अँपिअर प्रवाह मिळतो. ती मोटारीच्या बॅटरीला तात्पुरती मदत करण्यासाठी असून तिच्या विद्युतदाबाचे टप्प्यानुसार नियंत्रण होत नाही. त्यामुळे कॅम्परच्या बॅटरीसाठी १२० व्होल्टच्या जोडणीवर वेगळा चार्जर चालवणे योग्य ठरते.

चार्जर आणि बॅटरी यांमधील तारेची जाडीही महत्त्वाची असते. लांब व बारीक तारेत विद्युतदाबाची घट होते. चार्जरला बॅटरी भरत आल्याचा भास होतो आणि तो प्रवाह लवकर कमी करतो. म्हणून चार्जर बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवला जातो आणि आवश्यक तेथे १२० व्होल्टची केबल लांब ठेवली जाते.

जनरेटरची आवश्यक क्षमता

चार्जरला लागणारी शक्ती काढताना तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात: बॅटरीला मिळणारी शक्ती, चार्जरची कार्यक्षमता आणि त्याचा शक्तिगुणक. ४५ अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टवर सुमारे ६५० वॉट देतो. कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास तो जनरेटरकडून सुमारे ७६० वॉट घेतो. शक्तिगुणक सुधारणा नसलेल्या चार्जरचा शक्तिगुणक ०.७ धरल्यास जनरेटरवरील भार सुमारे १,०९० व्होल्ट-अँपिअर होतो. ७५ अँपिअरच्या चार्जरसाठी याच गणिताने सुमारे १,२७० वॉट आणि १,८०० व्होल्ट-अँपिअर असे आकडे येतात. म्हणजेच सतत १,६०० वॉट देऊ शकणारा जनरेटर ७५ अँपिअरचा जुन्या रचनेचा चार्जर पेलू शकत नाही. शक्तिगुणक सुधारणा असलेला तेवढ्याच क्षमतेचा चार्जर मात्र तो चालवू शकतो.

जनरेटरच्या नावातील आकडा बहुधा अल्पकाळ मिळणाऱ्या कमाल शक्तीचा असतो. उदाहरणार्थ, होंडा कंपनीच्या ईयू२२००आय या जनरेटरची कमाल शक्ती २,२०० वॉट, तर सतत मिळणारी शक्ती १,८०० वॉट आहे. चार्जिंगसाठी सतत मिळणारी शक्तीच गृहीत धरावी लागते.

समुद्रसपाटीपासूनची उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरमागे सुमारे ३.५ टक्क्यांनी घटते. २,४०० मीटर उंचीवरील डोंगराळ मुक्कामात ही घट सुमारे २८ टक्के होते. तेथे १,६०० वॉटचा जनरेटर सुमारे १,१५० वॉटच देऊ शकतो. सपाटीवर सहज चालणारा चार्जर अशा उंचीवर जनरेटर बंद पाडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. काही चार्जरमध्ये प्रवाहाची मर्यादा कमी करण्याची सोय असते. उंचीवर ती उपयोगी पडते.

जनरेटर चालू होताच कॅम्परमधील इतर उपकरणेही ही वीज घेऊ लागतात. स्वयंचलित निवडीवर ठेवलेले शीतकपाट प्रोपेन सोडून १२० व्होल्टच्या विजेवर जाते. पाणी तापवण्याच्या टाकीतील विजेची कांडी चालू राहिली असल्यास तिचा भार एकटाच हजार वॉटपेक्षा अधिक असू शकतो. चार्जिंग सुरू करण्यापूर्वी अशी उपकरणे बंद केली जातात. कॅम्परमध्ये बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असल्यास त्याच इन्व्हर्टरच्या विजेवर बॅटरीचा चार्जर चालणार नाही याचीही खातरजमा करावी लागते. तसे झाल्यास वीज बॅटरीतून निघून बॅटरीतच परतते आणि प्रत्येक फेरीत तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

सकाळचा जनरेटर, दुपारचा सूर्य

समजा, एका कॅम्परमध्ये एकूण २०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या आहेत आणि ढगाळ दिवसांनंतर त्या सकाळी निम्म्या रिकाम्या आढळल्या. तूट १०० अँपिअर-तासांची आहे. ४५ अँपिअरचा चार्जर यांपैकी पहिले ६० अँपिअर-तास, म्हणजे ५० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंतचा भाग, चार्जिंगमधील हानी धरून सुमारे दीड तासात भरू शकतो. जनरेटरवरील १२ व्होल्टच्या ८ अँपिअर जोडणीने याच कामास साडेसात तासांहून अधिक वेळ लागला असता.

उरलेल्या ४० अँपिअर-तासांना मात्र तीन ते पाच तास लागू शकतात, कारण बॅटरी स्वीकारत असलेला प्रवाह सतत घटत जातो. शेवटी तो ५ अँपिअरवर आला की बॅटरीत जाणारी शक्ती सुमारे ७२ वॉट उरते. हजार-दीड हजार वॉटचे इंजिन तेवढ्यासाठी तासन्‌तास धावत ठेवावे लागते. ७२ वॉट शक्ती मात्र छतावरील माफक आकाराचे पॅनेल हिवाळ्यातील स्वच्छ दुपारीही देऊ शकते.

यावरून जनरेटर सकाळी व सौर पॅनेल दिवसभर असा क्रम प्रचलित झाला आहे. सकाळी बॅटरी सर्वात रिकामी असते. म्हणून ती अधिक प्रवाह स्वीकारते आणि जनरेटरची क्षमता कारणी लागते. त्यानंतर येणारा थोडा परंतु दीर्घकाळ टिकणारा सौरप्रवाह ॲब्सॉर्प्शन टप्प्याला साजेसा असतो. याउलट दिवसभर सौर पॅनेलवर विसंबून सायंकाळी जनरेटर सुरू केल्यास बॅटरी अर्धवट भरलेली असते, तिची स्वीकारक्षमता घटलेली असते आणि शांततेची वेळ जवळ आलेली असते.

जनरेटर व सौर पॅनेल एकाच वेळी चालू ठेवण्यास सामान्यतः अडचण नसते. बल्क टप्प्यात दोघांचे प्रवाह बेरजेने बॅटरीत जातात. चार्जरने विद्युतदाब वर नेल्यावर सौर नियंत्रक आपला प्रवाह कमी करतो. जनरेटर बंद होताच तो पुन्हा आपले काम हाती घेतो.

आकाश अनेक दिवस झाकलेले राहिल्यास हा क्रम अपुरा पडतो. ८० टक्क्यांच्या पुढे बॅटरी कधीच जात नसल्याने सल्फेट साचू लागते. म्हणून शिसे-आम्ल बॅटरी ठराविक दिवसांनी पूर्ण भरून घेणे आवश्यक असते. त्यासाठी एखादा दिवस जनरेटर दीर्घकाळ चालवला जातो किंवा वीजजोडणी असलेल्या तळावर एक रात्र मुक्काम केला जातो.

लिथियम बॅटऱ्या

लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांमुळे या गणितात बराच बदल झाला आहे. त्या जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत चार्जरचा पूर्ण प्रवाह स्वीकारतात आणि त्यांना दीर्घ ॲब्सॉर्प्शन टप्प्याची गरज नसते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी २० टक्क्यांवर आलेली असल्यास ४५ अँपिअरचा चार्जर ती दोन तासांच्या आत भरू शकतो. त्या अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिल्याने सल्फेटसारखी हानी होत नाही. त्यामुळे जनरेटर फक्त गरजेपुरता चालवून बंद करता येतो. दिवसातील कोणत्याही वेळी चार्जिंगचा वेग जवळपास सारखाच असल्याने सकाळचीच वेळ साधण्याचा आग्रहही उरत नाही.

थंडी ही मात्र या बॅटऱ्यांची गंभीर मर्यादा आहे. ० अंश सेल्सिअसखाली त्या चार्ज केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर जमतो व बॅटरीची कायमस्वरूपी हानी होते. अनेक बॅटऱ्यांमधील अंगभूत व्यवस्थापन प्रणाली अशा वेळी चार्जिंग रोखते. जनरेटर चालू आहे, चार्जर चालू आहे आणि तरी बॅटरीत काहीच जात नाही, असे गोठत्या सकाळी आढळल्यास प्रथम बॅटरीचे तापमान तपासले जाते. बॅटरी कॅम्परच्या उबदार भागात बसवणे किंवा तापक असलेली बॅटरी निवडणे हे त्यावरील उपाय होत. शिसे-आम्ल बॅटरी थंडीतही चार्ज करता येते, पण ती रिकामी राहिल्यास गोठू शकते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पूर्ण रिकाम्या बॅटरीतील द्रव मात्र उणे ७ अंशांच्या आसपास गोठतो व तिचे कवच फुटू शकते.

बॅटरीची स्थिती ओळखणे

जनरेटर केव्हा सुरू करावा हे ठरवण्यासाठी बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे ठाऊक असावे लागते. शिसे-आम्ल बॅटरीचा विद्युतदाब काही तास भार व चार्जिंग दोन्ही नसताना मोजल्यास १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली व १२.१ व्होल्ट म्हणजे सुमारे निम्मी, असा अंदाज बांधता येतो. भट्टीचा पंखा चालू असताना किंवा पॅनेलवर ऊन असताना घेतलेले मोजमाप फसवे असते. लिथियम बॅटरीचा विद्युतदाब बऱ्याच मोठ्या पल्ल्यात जवळजवळ स्थिर राहत असल्याने त्यावरून अंदाज करता येत नाही. त्यासाठी ऋण तारेत शंट बसवून आत येणारे व बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजणारा मापक वापरतात. शिसे-आम्ल बॅटरी शक्यतो निम्म्याहून अधिक रिकामी होऊ न देण्याचा संकेत आहे.

जनरेटरचे प्रकार व इंधन

ट्रक कॅम्परसाठी दोन प्रकारचे जनरेटर वापरले जातात. पहिला प्रकार हातात उचलून नेण्याजोग्या इन्व्हर्टर जनरेटरचा आहे. त्याचे इंजिन भारानुसार वेग कमी-अधिक करते; त्यामुळे आवाज व इंधन दोन्हींची बचत होते. दुसरा प्रकार कॅम्परच्या खास कप्प्यात कायम बसवलेल्या, बहुधा प्रोपेनवर चालणाऱ्या जनरेटरचा आहे. तो आतून कळ दाबून सुरू करता येतो, परंतु तो कॅम्परच्या वजनात भर घालतो व जागा व्यापतो. त्याचे इंधन भट्टी, शेगडी व शीतकपाटाच्याच सिलिंडरमधून येते. त्यामुळे थंडीत जनरेटर जितका अधिक चालेल, तितके उब देणारे इंधन लवकर संपते. फार कमी तापमानात प्रोपेनचे बाष्पीभवन मंदावते, हेही लक्षात घ्यावे लागते.

जनरेटर पुरेशा भारावर चालवल्यास इंधनाचा उपयोग चांगला होतो. वर उल्लेखिलेल्या ईयू२२००आय जनरेटरच्या टाकीत सुमारे ३.६ लिटर पेट्रोल मावते. उत्पादकाच्या माहितीनुसार ते पूर्ण भारावर ३.२ तास व पाव भारावर ८.१ तास पुरते. यावरून पूर्ण भारावर प्रतिलिटर सुमारे १.६ किलोवॉट-तास, तर पाव भारावर सुमारे १ किलोवॉट-तास वीज मिळते. वरील उदाहरणातील दीड तासाच्या चार्जिंगसाठी जनरेटरला सुमारे १ किलोवॉट-तास वीज द्यावी लागते. म्हणजे ते काम एक लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी पेट्रोलमध्ये होते.

ट्रक डिझेलवर चालणारा असल्यास जनरेटरसाठी पेट्रोल वेगळ्या डब्यात वाहून न्यावे लागते. हा डबा कॅम्परच्या राहत्या भागात ठेवला जात नाही. दीर्घकाळ न वापरलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर जमतो आणि ऐन गरजेच्या वेळी तो सुरू होत नाही. म्हणून तो महिन्यातून एकदा भार देऊन चालवण्याची शिफारस केली जाते.

सुरक्षितता

कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला वायू आहे. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो व शरीराचा ऑक्सिजनपुरवठा तोडतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व गुंगी ही त्याच्या विषबाधेची लक्षणे फ्लू किंवा उंचीवरील त्रासासारखी वाटू शकतात. झोपलेल्या व्यक्तीला ती जाणवतही नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सूचनेनुसार हलवता येणारा जनरेटर नेहमी घराबाहेर, निवासापासून किमान २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर अंतरावर आणि धूर विरुद्ध दिशेला जाईल असा ठेवावा.

ट्रक कॅम्परच्या बाबतीत काही धोके विशेष आहेत. हलवता येणारा जनरेटर हौद्यात, मागच्या फळीवर, कॅम्परच्या साठवणकप्प्यात किंवा छत्राखाली चालवल्यास धूर खिडक्या, हवाझरोके व भट्टीच्या झडपांतून आत शिरू शकतो. पाऊस किंवा चोरीच्या भीतीने जनरेटर जवळ ओढण्याचा मोह होतो, परंतु तो टाळणे आवश्यक असते. वाऱ्याची दिशा बदलली किंवा शेजारी दुसरे वाहन येऊन उभे राहिले, की सुरक्षित वाटणारी मांडणीही धोकादायक होऊ शकते. सर्वजण झोपलेले असताना जनरेटर चालू ठेवला जात नाही.

कॅम्परमधील कार्बन मोनॉक्साइड सूचक अनेकदा निवासी बॅटरीच्याच १२ व्होल्टच्या विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण रिकामी झाल्यावर तो बंद पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी जनरेटर बाहेर काढला जातो. म्हणून स्वतःच्या सेलवर चालणारा दुसरा सूचक जवळ ठेवणे हितावह असते. सूचकांची कार्यमर्यादा ठरलेली असते व ती संपल्यावर ते बदलावे लागतात.

द्रवयुक्त शिसे-आम्ल बॅटरीतून चार्जिंगच्या उत्तरार्धात हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत पोहोचल्यास तो पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीच्या कप्प्याला बाहेर उघडणारी वायुवाट असणे आवश्यक असते. जनरेटरमध्ये पेट्रोल भरण्यापूर्वी तो बंद करून थंड होऊ दिला जातो. बाहेरून ओढलेली केबल जाड, अखंड व बाह्य वापरासाठीच बनवलेली असावी लागते.

ध्वनी व नियम

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत लागू असलेल्या संघराज्याच्या नियमांनुसार जनरेटरसारख्या यंत्राचा आवाज ५० फूट म्हणजे सुमारे १५ मीटर अंतरावर ६० डेसिबलपेक्षा अधिक असू नये. याशिवाय अनेक तळांवर रात्रीच्या शांततेच्या वेळा ठरलेल्या असतात. काही तळांवर जनरेटर दिवसातील ठराविक तासांतच चालवता येतो, तर काही ठिकाणी त्यास पूर्ण मनाई असते. परवानगीचे तास मोजके असल्यास मोठ्या चार्जरचे महत्त्व वाढते, कारण त्या तासांत जास्तीत जास्त वीज बॅटरीत उतरवणे गरजेचे असते.

पर्यायी व पूरक उपाय

ट्रकचे अल्टरनेटर हा जनरेटरचा सर्वात जवळचा पर्याय आहे. ट्रेलरसाठीच्या सात पिनांच्या जोडणीतून येणारी तार लांब व तुलनेने बारीक असल्याने बॅटरीपर्यंत थोडाच प्रवाह पोहोचतो. जाड तारा व डीसी-डीसी चार्जर बसवल्यास प्रवासातच २० ते ४० अँपिअर प्रवाह मिळू शकतो. दररोज काही तास प्रवास करणाऱ्यांना त्यामुळे जनरेटरची गरज क्वचितच पडते. एकाच जागी आठवडाभर थांबणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग मर्यादित असतो.

हलवता येणारे सौर पॅनेल कॅम्पर सावलीत ठेवूनही उन्हात मांडता येतात आणि सूर्याकडे कलते ठेवल्यास हिवाळ्यातील तिरप्या किरणांची हानी बरीच भरून काढतात. भट्टीचे तापमान रात्री थोडे कमी ठेवणे, एलईडी दिवे वापरणे आणि अनावश्यक इन्व्हर्टर बंद ठेवणे यांमुळे मागणी घटते. बॅटरीची क्षमता वाढवल्याने ढगाळ दिवस अधिक काळ निभावता येतात, परंतु मोठी बॅटरी स्वतः वीज निर्माण करीत नाही. रोजचा वापर रोजच्या सौर उत्पादनापेक्षा अधिक असल्यास ती तूट पुढे ढकलते आणि अखेरीस भरून काढण्याचे काम तेवढेच मोठे होते.

हे सुद्धा पहा

सौर पॅनेल
शिसे-आम्ल बॅटरी
लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी
विद्युत जनित्र
कार्बन मोनॉक्साइड